श्वान-निर्बीजीकरण

श्वान-निर्बीजीकरण : कुत्र्याची प्रजननक्षमता शस्त्रक्रियेने कायमची नाहीशी करण्याची क्रिया. भूल देऊन नराचे वृषण आणि मादीचे अंडाशय, बहुधा गर्भाशयासह, काढून टाकतात. बैलाचे खच्चीकरण शेतकऱ्यास पूर्वापार परिचित आहे. त्यामागे जनावर कामास शांत व्हावे हा हेतू असतो. येथे हेतू संख्या आवरण्याचा आहे. एक नर अनेक माद्यांना पुरत असल्यामुळे मादीवरील शस्त्रक्रियेलाच अधिक महत्त्व येते.

मादी बहुधा सहा ते बारा महिन्यांची असताना प्रथम माजावर येते. गर्भावधी सु. ६३ दिवसांचा असून ती वर्षातून दोनदा विऊ शकते. पुष्कळ पिले लहानपणीच दगावतात. तथापि उकिरडे आणि उघड्यावर टाकलेले अन्न असेपर्यंत रिकामी झालेली जागा लवकरच भरून निघते. कुत्री मारण्याचा उपाय याच कारणाने निष्फळ ठरला. मुंबईत कंपनी सरकारने चालविलेल्या कुत्र्यांच्या हत्येविरुद्ध १८३२ मध्ये पारशी समाजाने दंगा केला; पुढेही तेथे हत्या दीर्घकाळ चालू राहिली, पण मोकाट कुत्री संपली नाहीत. भारत सरकारने २००१ मध्ये केलेल्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग स्वीकारला. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली.

कुत्री पकडून निवाऱ्यात ठेवावीत, ही सूचना वरचेवर होते. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात मोकाट कुत्री सु. १ कोटी ५३ लक्ष होती. एवढ्यांना आयुष्यभर पोसणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. दाटीच्या निवाऱ्यात डिस्टेंपर व पार्व्हो हे रोग झपाट्याने पसरतात. दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यात हलविण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश २२ ऑगस्टला बदलण्यात आला : निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, अलर्क रोगाने (रेबीजने) ग्रस्त वा त्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके इ. आवारांतून पकडलेली कुत्री परत तेथे न सोडण्याचा आदेश झाला, त्यामुळे निवाऱ्यांवरील भार पुन्हा वाढणे क्रमप्राप्त होते.

खेड्यातील प्रश्न निराळा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील मिरजगाव (ता. कर्जत) हे नगर–सोलापूर रस्त्यावरील गाव. अशा गावांतील पुष्कळशी कुत्री अगदी बेवारस नसतात. कोणाच्या तरी दारी भाकरी खातात, वस्ती राखतात किंवा धनगरांच्या मेंढरांमागे जातात. परंतु ती बांधलेली नसतात आणि नको असलेली पिले गावाबाहेर सोडली जातात. पाळीव कुत्र्याच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी मालकावर आणि मोकाट कुत्र्याची स्थानिक संस्थेवर टाकली आहे. या दोहोंच्या मधली कुत्री नेमकी कोणाची, हे खेड्यात ठरत नाही. शस्त्रक्रियागृह, पिंजरे व शस्त्रक्रियेनंतरची काही दिवसांची देखभाल हा खर्च एकट्या ग्रामपंचायतीस झेपणे कठीण. अनेक गावांनी मिळून तालुक्यास एक केंद्र चालविणे अधिक व्यवहार्य होय. कर्जत तालुक्यातच रेहेकुरी हे काळविटांचे छोटे अभयारण्य (स्थापना १९८०) आहे. मोकाट कुत्री काळविटांचा पाठलाग करतात, तर त्यांच्यातील डिस्टेंपरसारखे रोग माळरानावरील लांडगे व खोकडांना जडू शकतात. म्हणून येथे हा प्रश्न गावापुरता राहत नाही.

तुरळक शस्त्रक्रियांनी फारसे साधत नाही. एका परिसरातील सु. ७० टक्के कुत्री थोड्या अवधीत हाताळली गेली, तरच संख्या उतरू लागते. काम मध्येच थांबल्यास उरलेल्या माद्या ती तूट भरून काढतात. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच पाडतात व अलर्क-प्रतिबंधक लस टोचतात. निर्बीजीकरण कायमचे असले, तरी लसीचा प्रभाव तसा नसतो; ती ठराविक मुदतीने पुन्हा टोचावी लागते. त्यामुळे कानाला खाच असलेले कुत्रे चावले, तरीही जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रुग्णाने त्वरित वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते.