दुसऱ्या गाडीतले पाच जण : रेड बुलची सात वर्षे

फॉर्म्युला वनच्या 2019 ते 2025 या सात मोसमांत रेड बुल संघाची एक गाडी मॅक्स व्हर्स्टॅपनकडेच राहिली आणि दुसरीत पाच जण बसून गेले. पिएर गॅस्लीला 12 शर्यती मिळाल्या, अ‍ॅलेक्स ऑल्बनला 26, सर्जिओ पेरेझला 90 आणि लिअम लॉसनला अवघ्या दोन. 2025 चा उरलेला मोसम युकी त्सुनोदाने पुरा केला. वेग दिसला म्हणूनच पाचही जणांची निवड झाली होती. त्या गाडीत प्रत्येकाचा आत्मविश्वास आज ना उद्या ढासळला आणि बाहेर पडल्यावर निदान तिघांचा परत आला. संघ तोच, शेजारचा चालक तोच आणि बदलत गेली ती फक्त दुसऱ्या गाडीतली माणसे, असा योग या खेळात क्वचितच जुळून येतो.

चालक ज्याला आत्मविश्वास म्हणतात त्याचा संबंध बहुधा गाडीच्या मागच्या चाकांशी असतो. ताशी 300 किलोमीटरच्या वेगातून मंद वळणासाठी ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. नेमक्या त्याच वेळी, ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलत, स्टिअरिंग वळवायचे असते. मागची बाजू घसरणार की धरून राहणार हे चालकाला आधीच ठाऊक असावे लागते. घसरल्याचे कळल्यावर सावरू म्हटले तर वेळ गेलेली असते. खात्री असलेला चालक त्या थोड्याशा घसरण्याचाच उपयोग करून गाडी वळवून घेतो. ज्याला खात्री नसते तो काही मीटर आधी ब्रेक लावतो. एका वळणावर यात सेकंदाचे काही शतांशच जातात, पण एका फेरीत पंधरा-वीस वळणे असतात. शिवाय हळू गेलेल्या गाडीचे टायर आणि ब्रेक पुरेसे तापत नाहीत, तापले नाहीत की पकड कमी होते आणि मग जी भीती आधी मनात होती ती खरी ठरते. पात्रता फेरीत तीन-चार दशांश गमावले तर शर्यत मधल्या गर्दीतून सुरू करावी लागते. तिथे पुढच्या गाड्यांनी ढवळलेल्या हवेमुळे पकड आणखी घटते. शर्यत संपल्यावर संगणकाच्या पडद्यावर दोन्ही गाड्यांचे आलेख एकमेकांवर ठेवले जातात आणि कुठल्या वळणावर आपण किती घाबरलो, हे चालकाला आकड्यांत दिसते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेवरच्या विश्वासाचा सिद्धांत मांडला. हा विश्वास एखाद्या ठरावीक कामापुरता असतो आणि तो सर्वाधिक वाढतो ते काम प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवातून, असे त्यांचे प्रतिपादन होते. रेड बुलच्या या सात वर्षांना ते चपखल लागू पडते.

व्हर्स्टॅपनला पुढची चाके ताबडतोब चावणारी गाडी लागते. मागची बाजू अस्थिर असली तरी त्याला चालते. गाडी मुद्दाम त्याच्यासाठीच बांधली गेली, असा आरोप अधूनमधून होतो. तो अर्धाच खरा आहे. जो बदल फेरीचा वेळ कमी करतो तोच संघ स्वीकारतो आणि तो वेळ काढून दाखवणारा माणूस एकच होता. ऑल्बनने पुढे एका मुलाखतीत या गाडीची तुलना संगणकाच्या माउसशी केली: संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली तर हात किंचित हलला तरी बाण पडद्याच्या दुसऱ्या कडेला जातो.

पहिला बळी गॅस्ली. डॅनियल रिकार्डो रेनॉल्टकडे गेल्यामुळे ही जागा रिकामी झाली होती. मोसमापूर्वीच्या बार्सिलोनातील चाचण्यांत गॅस्लीने दोनदा गाडी आदळली आणि संशयाची सुरुवात तिथेच झाली. ऑस्ट्रियात व्हर्स्टॅपनने शर्यत जिंकली तेव्हा गॅस्ली एक फेरी मागे होता. हंगेरीतही तो एक फेरी मागे राहिला. गुण होते 181 विरुद्ध 63. ऑगस्ट 2019 मध्ये, मोसमाच्या मधल्या सुट्टीत, त्याला टोरो रोसो या धाकट्या संघात परत पाठवण्यात आले. परतल्यावरची त्याची पहिली शर्यत बेल्जियममधल्या स्पा इथे होती. तिच्या आदल्याच दिवशी त्याचा बालमित्र आंत्वान ह्युबेर त्याच ट्रॅकवर फॉर्म्युला टूच्या अपघातात मरण पावला. तरीही दुसऱ्या दिवशी गॅस्ली नववा आला. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलला, कमी ताकदीच्या गाडीत, मर्सिडीजच्या लुईस हॅमिल्टनला निसटते मागे ठेवून तो दुसरा आला आणि सप्टेंबर 2020 मध्ये मोंझाला जिंकला. मन दुबळे म्हणून तो पडला, हे स्पष्टीकरण यानंतर टिकत नाही.

ब्राझीलच्या त्याच शर्यतीत गॅस्लीच्या जागी आलेला ऑल्बन शेवटच्या टप्प्यात दुसरा होता. हॅमिल्टनचा धक्का लागून तो गरकन फिरला आणि गॅस्लीला ती जागा मिळाली. 2020 च्या पहिल्या शर्यतीत, ऑस्ट्रियात, ताज्या टायरवर बाहेरून पुढे निघताना हॅमिल्टनच्याच चाकाने तो पुन्हा फेकला गेला. दोन्ही वेळा शिक्षा हॅमिल्टनला झाली, पण जमल्याचा जो अनुभव ऑल्बनच्या गाठीशी जमा व्हायचा तो हुकला. त्या वर्षीच्या 17 पात्रता फेऱ्यांपैकी एकीतही त्याला व्हर्स्टॅपनच्या पुढे जाता आले नाही. मुजेलो आणि बाहरीनला तो तिसरा आला, तरी वर्षअखेर जागा गेली. 2022 पासून विल्यम्सच्या साध्या गाडीतून गुण खेचून आणणारा चालक म्हणून त्याने नाव पुन्हा उभे केले.

पेरेझचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. तो आला तेव्हा त्याच्यामागे दहा मोसमांचा अनुभव होता आणि रेड बुलच्या प्रशिक्षण योजनेत तो वाढलेला नव्हता, म्हणजे पुन्हा धाकट्या संघात ढकलले जाण्याची भीती त्याला नव्हती. 2021 मध्ये बाकू, 2022 मध्ये मोनॅको आणि सिंगापूर अशा शर्यती त्याने जिंकल्या. 2023 च्या पहिल्या चार शर्यतींपैकी दोन त्याने आणि दोन व्हर्स्टॅपनने जिंकल्या. बाकूनंतर दोघांत फक्त सहा गुणांचे अंतर होते. पेरेझ विजेतेपदाची भाषा बोलू लागला. मग मायामीत तो पहिल्या क्रमांकावरून निघाला, व्हर्स्टॅपन नवव्यावरून, आणि व्हर्स्टॅपन जिंकला. पुढच्या मोनॅकोत पेरेझने पात्रता फेरीत गाडी कठड्यावर घातली. मोनॅको ते सिल्व्हरस्टोन अशा सलग पाच शर्यतींत तो पात्रता फेरीच्या अंतिम भागात पोहोचलाच नाही. त्याच सुमारास स्पेनपासून गाडीत सुधारणा येऊ लागल्या आणि त्या आपल्याला मानवल्या नाहीत, असे तो नंतर सांगत राहिला. वर्षाखेरीचे गुण 575 आणि 285.

2024 मध्ये संघाने गॅस्लीच्या वेळचा उपाय उलटा करून पाहिला. जूनमध्ये पेरेझचा करार मुदतीआधीच वाढवला. नोकरीची चिंता मिटली की वेग परत येईल, असा हिशेब त्यामागे दिसतो. पण सिल्व्हरस्टोन आणि हंगेरी अशा लागोपाठ दोन पात्रता फेऱ्यांत तो पहिल्याच भागात ट्रॅकबाहेर गेला. एप्रिलमधल्या चीनच्या शर्यतीनंतर त्या वर्षी एकाही मुख्य शर्यतीत तो पहिल्या तिघांत आला नाही. मधल्या काळात गाडीचा तोल इतका बिघडला की मोंझाला खुद्द व्हर्स्टॅपन सहावा आला आणि गाडीला राक्षस म्हणाला. जी तक्रार पेरेझ वर्षभर करत होता ती विजेत्याच्या तोंडून आल्यावर खरी मानली गेली. डिसेंबरमध्ये पेरेझ बाहेर पडला.

त्याच्या जागी आलेल्या लॉसनबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण त्याला काही करायला वेळच मिळाला नाही. पाठीशी जेमतेम 11 शर्यती असलेला हा तरुण मेलबर्नला पात्रता फेरीत अठरावा आणि शांघायला विसावा, म्हणजे शेवटचा, आला. दोन्ही ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत त्याने आधी केलेली नव्हती. दोन शर्यतींवरून कोणाचीही पारख होत नाही. त्याला हटवण्याचा निर्णय घाईचा होता. धाकट्या संघात परतल्यावर सप्टेंबरमध्ये बाकूच्या पात्रता फेरीत तो तिसरा आला.

इथे 2018 चा मोसम आठवतो. त्या वर्षीच्या सुरुवातीच्या शर्यतींत व्हर्स्टॅपनच्याही चुकांमागून चुका होत होत्या. मोनॅकोच्या शेवटच्या सरावात गाडी आदळल्यामुळे त्याला पात्रता फेरीत उतरताच आले नाही. संघाने त्याला जागेवरून हलवले नाही आणि वर्षाच्या उरलेल्या भागात चुका जवळपास थांबल्या. हीच मुभा दुसऱ्या गाडीतल्यांपैकी पेरेझ वगळता कोणाला फारशी मिळाली नाही.

त्सुनोदा जपानच्या शर्यतीपासून आला. इमोलाच्या पात्रता फेरीत त्याची गाडी उलटली, सुटे भाग अपुरे पडले आणि पुढे बराच काळ त्याला व्हर्स्टॅपनपेक्षा जुन्या बनावटीचे भाग घेऊन धावावे लागले. जुलैमध्ये ख्रिश्चन हॉर्नर यांच्या जागी लोराँ मेकिस संघप्रमुख झाले. त्यांच्या पहिल्याच शर्यतीत, स्पा इथे, त्सुनोदाला पात्रता फेरीच्या तोंडावर गाडीचा नवा तळ मिळाला आणि त्या फेरीत तो सातवा आला. तोवरचा अर्धा मोसम मात्र गेला होता आणि पुढची जागा टिकवण्याइतके गुण काही जमले नाहीत.

2026 साठी ही गाडी इसाक हॅजारला देण्याचे ठरले. मार्च 2025 मध्ये मेलबर्नला, पदार्पणाच्या शर्यतीत, सुरुवातीपूर्वीच्याच फेरीत घसरून हॅजारने गाडी कठड्यावर घातली होती आणि तो रडत परतला होता. धाकट्या संघाने त्याला पुढच्या शर्यतींत तसेच चालू ठेवले. ऑगस्टमध्ये झांडव्होर्टला तो तिसरा आला.