मुळांचा घसारा

यंत्राचा घसारा हिशेबवहीत मांडला जातो. बागेच्या मुळांचा कोण मांडतो? वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत मुळांना सूत्रकृमी लागतो. कॉब या शास्त्रज्ञाने १९१३ साली वर्णिलेला हा जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मुळांतील रस शोषून तो झाड वर्षानुवर्षे खंगवितो. त्यावरील डीबीसीपी हे औषध कामगारांना वंध्यत्व आणते, असे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात आढळले. निंबोळी पेंडीने उपद्रव घटतो, पण पुरता हटत नाही. तेव्हा खरा उपाय रोपवाटिकेतच आहे, कारण हा कृमी कलमाच्या मुळांसवे नव्या बागेत शिरतो. ग्राहकाला न दिसणारा दोष बाजार रोखू शकत नाही. तेथे शासकीय तपासणी व प्रमाणपत्रच हवे. कोल्हापुरातील उसाच्या बेण्यालाही हाच न्याय लागू नाही काय?