ड्रायर घेण्याआधी घरातला प्लग पाहा

मैत्रिणींनो, लोणावळ्याच्या पावसात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे लांब केस कुठले वाळायला! पूर्वी शेगडीवर धूप टाकून न्हालेले केस वाळवायचे. आता सकाळची पुणे लोकल गाठायची, म्हणजे हेअर ड्रायर ही काही चैन राहिली नाही.

दुकानात मात्र रंग आणि किंमत पाहण्याआधी वॅट विचारा. २००० वॅटचा ड्रायर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. आपल्या भिंतीवरचा नेहमीचा छोटा प्लग असतो ६ अँपिअरचा. तो तापतो, वितळतो, कधी आगही लागू शकते. एवढ्या ड्रायरला गिझरसारखा १६ अँपिअरचा मोठा प्लगच हवा. घर जुनं असेल तर आधी वायरमनला दाखवा.

आखूड किंवा पातळ केसांना १००० ते १२०० वॅट पुरतात. रोज दहा मिनिटं वापरला तरी महिन्याला पाच-सहा युनिटच जळतात. केस लांब, दाट असतील तर जास्त वॅटचा घ्या, पण मोठ्या प्लगवरच लावा. कुरळ्या केसांसाठी पसरट जाळीचं तोंड मिळतं. आयएसआय चिन्ह आणि थंड हवेचं बटण हवंच.

आधी टॉवेलने केस टिपून घ्या, ड्रायर वीतभर लांब धरा आणि सारखा फिरवत राहा. न्हाणीघरात किंवा ओल्या हाताने मुळीच वापरू नका. काम झालं की प्लग काढून ठेवा, आणि मुलींनाही हीच सवय लावा.