हाताला येणारी कोंबडी कोणती? गावठी, गिरीराज, कडकनाथ, असीलचे स्वभाव समजून घ्या

मुरबाड : मानमोडीची लस द्यायला माणूस पाड्यावर येतो आणि कोंबड्या आंब्यावर चढून बसलेल्या असतात. मुरबाड-शहापूरकडच्या गावांना हा प्रकार नवीन नाही. तासभर पळापळ होते, दहातल्या चार-पाच हाती लागतात, बाकीच्या तशाच राहतात. पुढे साथ आली की राहिलेल्या कोंबड्या माना वाकड्या करून पटापट मरतात आणि घरच्या बाईचे मीठ-मिरचीचे हक्काचे पैसे जातात. म्हणून पक्षी विकत घेताना अंडी किती आणि वजन किती एवढेच विचारून भागत नाही. ती हाताला येते का, हेही विचारले पाहिजे. तेच नेमके कोणी विचारत नाही.

कोंबडीच्या स्वभावात जातीचा वाटा मोठा असतो. घरची कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबडीपासून आली. आपल्याकडे भीमाशंकरच्या रानात दिसते ती राखी रानकोंबडी वेगळी. पण घरच्या कोंबडीच्या कातडीचा आणि पायाचा पिवळा रंग या राखी कोंबडीकडून आला, असे २००८ च्या जनुकीय अभ्यासात दिसले. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठात लाल रानकोंबड्यांवर एक प्रयोग झाला. माणसाला कमी भिणारे पक्षी निवडायचे, त्यांचीच पिल्ले वाढवायची, असे पिढ्यानपिढ्या केले. काही पिढ्यांतच पक्षी वजनाला वाढले आणि अंडीही मोठी झाली. म्हणजे भीती कमी आणि वजन जास्त या गोष्टी बऱ्याचदा जोडीने येतात. आपल्या अंगणातही तेच दिसते.

गिरीराज आणि वनराज घ्या. गिरीराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, वनराज हैदराबादच्या केंद्रीय कुक्कुट संस्थेत. दोन्ही परसातल्या पालनासाठीच काढलेल्या. अंग जड, चाल संथ, स्वभाव शांत. दाण्याचे भांडे वाजले की पायात येतात, लहान पोरही उचलून घेते. लस द्यायला यांच्यासारखी सोपी कोंबडी नाही. पण जी माणसापासून पळत नाही, ती मुंगसापासूनही धड पळत नाही. रानाला लागून घर असेल, रानमांजर-मुंगूस फिरत असेल, तर नुसत्या गिरीराज मोकळ्या सोडणे म्हणजे त्यांना आयते जेवण वाढणे. कल्याण-डोंबिवलीलगतच्या गावांत कुंपण, जाळी असते, तिथे या कोंबड्या चांगल्या टिकतात. तरी भटकी कुत्री आहेतच.

गावठी कोंबडी बरोबर उलटी. अंगणात माणसापासून दोन हात लांब राहील, पण घारीची सावली पडली की पिल्लांना इशारा देऊन क्षणात झुडपात शिरेल. तिचा जीव घराशी बांधलेला असतो. दिवस मावळला की न हाकलता खुराड्याकडे येते. खुडूक बसली किंवा पिल्ले घेऊन फिरत असली की मात्र मालकालाही चोच मारते. तो तिचा दोष धरू नये, त्याच रागामुळे पिल्ले जगतात.

कडकनाथबद्दल लोकांची फार निराशा होते. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि काळ्या मटणाचा बोलबाला झाला. पुढे २०१९ मध्ये कडकनाथ पालनाच्या नावाखाली राज्यात शेतकऱ्यांची फसवणूक झाली, ते प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. स्वभावाने ही चपळ, बुजरी. हलक्या अंगाची असल्याने उडून कौलावर, झाडावर जाते. खुडूकही फारशी बसत नाही. वरून जाळी नसलेल्या वाड्यात पंधरा कडकनाथ सोडल्या तर संध्याकाळी मोजायला झाडाखालीच जावे लागेल. लळा लागत नाही असे नाही, पण त्यासाठी पिल्लू लहान असतानाच मेहनत घ्यावी लागते.

असीलचे नाव निघाले की लोक झुंजीबद्दल बोलतात. कोंबड्यांची झुंज लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. पण हाच असील कोंबडा दुसऱ्या कोंबड्याला दिसता क्षणी भिडतो आणि मालकाच्या काखेत मात्र गपगार बसतो. पिढ्यानपिढ्या माणसाच्या हातात वाढल्याचा हा परिणाम. असील मादी अंडी कमी देते, पण उबवायला आणि पिल्ले सांभाळायला उत्तम. वाड्यात असील एकच नर ठेवावा, दोन ठेवले तर एकालाच जेवायला मिळेल.

ऱ्होड आयलंड रेड म्हणजे आपली आरआयआर आणि ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प या अंड्यांसाठी चांगल्या आणि बऱ्यापैकी माणसाळणाऱ्या. ऑस्ट्रॉलॉर्प तर अगदी गरीब गाय. आरआयआरची मादी शांत, नर कधी कधी अंगावर येतो. पांढरी लेगहॉर्न अंड्यांना जबरदस्त पण घाबरट. नेहमीच्या माणसाने वेगळ्या रंगाचे कपडे घातले तरी सगळा कळप एका कोपऱ्यात ढीग करतो. अंगणासाठी तिचा विचार करू नये.

पहिला महिना महत्त्वाचा

जात कोणतीही असो, पिल्लू माणसाला घाबरायचे की नाही हे पहिल्या काही आठवड्यांतच शिकते. कोंबडीखाली वाढलेले पिल्लू आईची भीती उचलते. बल्बखाली, भाताच्या तुसावर वाढवलेल्या पिल्लांना माणूस म्हणजेच दाणा. रोज दोन वेळा खाली बसून तळहातावर कणी धरावी. बोलावायचा आवाज एकच ठेवावा, आज ‘ती ती’ आणि उद्या ‘या या’ असे करू नये. वरून झडप घालून पिल्लू उचलू नये, कारण वरून येणारी वस्तू त्यांच्या लेखी घारच असते. हात खालून, बाजूने न्यावा.

कोंबडा सहा महिन्यांचा होत आला की काही नर पायावर, पाठीवर उडी मारायला लागतात. लाडाने हातात वाढवलेल्या कोंबड्याला माणसाची भीती उरत नाही, म्हणून तोच जास्त अंगावर येतो. लाथ मारली तर त्याला ती झुंज वाटते आणि खोड वाढते. पोरांच्या डोळ्याला चोच किंवा नखी लागू शकते, तेव्हा असा नर पैदाशीला ठेवूच नये, स्वभाव पिल्लांत उतरतो. एकविरेच्या जत्रेसाठी राखलेला कोंबडा घरात फार लाडावला की पोरे रडतात ती गोष्ट वेगळी. आगरी-कोळी घरांत हे दरवर्षीचेच आहे.

दोन ठिकाणी हमखास फसायला होते. एक म्हणजे अंड्यावर आलेली तलंग. हात जवळ नेला की ती पंख जरा पसरून खाली बसते. लोकांना वाटते लळा लागला. तसे नाही, ती नराला बसते तशी बसलेली असते, आता आठ-पंधरा दिवसांत अंडे येईल एवढाच त्याचा अर्थ. दुसरे जास्त गंभीर आहे. रोज पळणारी कोंबडी एखाद्या दिवशी गुमान हातात आली, पिसे फुगवून डोळे मिटत असली, तर ती आजारी समजावी आणि लगेच वेगळी ठेवावी. शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासच्या एक किलोमीटरमधल्या सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करण्याचा निर्णय घ्यावा लागला. अचानक दोन-चार पक्षी मेले तर ते ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. माणसाळलेली कोंबडी असली तरी पोरांनी तिचे मुके घेऊ नयेत, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

ज्यांच्याकडे आत्ता बुजऱ्या कोंबड्याच आहेत त्यांनी दिवसा मागे धावू नये. कोंबडीला अंधारात दिसत नाही. लसीचा दिवस आधी विचारून घ्यावा. त्याच्या आठवडाभर आधीपासून संध्याकाळचा दाणा खुराड्यातच टाकावा म्हणजे झाडावर चढायची सवय मोडते. आदल्या रात्री बारीक उजेडात पंख दाबून एकेक उचलून डालीखाली ठेवावी. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पंखाखाली आर-टू-बीची सुई. लस सकाळी उन्हाच्या आधी आणि बर्फातच आणलेली हवी, ऊन लागलेली लस दिली न दिली सारखीच.