माशाच्या अंगची ऊब

सोलापूर जिल्ह्यातील वेळापूरच्या परिसरात उन्हाळा कडक असतो. वैशाखातील दुपारी सावलीतही जीव कासावीस होतो. तरीही निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअसच राहते. पौषातील थंडीतही त्यात फारसा फरक पडत नाही. शेततळ्यात पाळलेल्या रोहू किंवा कटला माशाचे तसे नसते. पाणी २० अंश असेल, तर त्याचे शरीरही जवळजवळ तितकेच असते. पाणी ३० अंशांपर्यंत तापले, की तेही तापते. अशा प्राण्यांना ‘शीत रक्ताचे’ म्हणतात. परंतु उन्हाळ्यात त्यांचे रक्त मुळीच शीत नसते!

असे का व्हावे? अन्न पचताना व स्नायू हालताना माशाच्या शरीरातही उष्णता निर्माण होते. मात्र प्राणवायू घेण्यासाठी त्याचे रक्त कल्ल्यांतून सतत वाहते. तेथे रक्त व पाणी यांच्यामध्ये अत्यंत पातळ पडदा असतो. ज्या दाराने प्राणवायू आत येतो, त्याच दाराने उष्णता बाहेर निघून जाते. ट्यूनासारखे थोडेच मासे रक्तवाहिन्यांच्या विशेष रचनेमुळे स्नायूंतील ऊब राखू शकतात.

म्हणूनच प्रत्येक माशाला त्याला मानवेल असेच पाणी लागते. ट्राउट माशाला थंड, वाहते पाणी हवे. म्हणून तो काश्मीर व हिमाचल प्रदेश यांसारख्या डोंगराळ भागांत पाळतात. रोहू व कटला यांना कोमट पाणी मानवते.

परंतु त्यांच्या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. १० अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच मावतो. इकडे शरीर तापल्याने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. जाणता शेतकरी ही खूण ओळखतो. तो खाद्य थांबवितो, ताजे पाणी सोडतो व पाणी घुसळून त्यात हवा मिसळवितो. उन्हाळ्यात तळ्याची खोली राखण्याचीही तो दक्षता घेतो.

माणूस उन्हातून सावलीत जाऊ शकतो. तळ्यातील माशाला तळ्याबाहेर आसरा नाही. म्हणून त्याला पाळणाऱ्याने पाण्यालाच जपले पाहिजे.