न दुखणाऱ्या पायाची मलमपट्टी

कुष्ठरोगाच्या मिशन दवाखान्यात सकाळची पहिली गर्दी प्लास्टिकच्या टबांपाशी. टबात साधं पाणी. ज्याला चटका कळत नाही, त्याला गरम पाणी म्हणजे नवी जखम. पायाच्या नसा गेल्या की घामही बंद होतो, कातडी कोरडी पडून भेगाळते. म्हणून वीसेक मिनिटं पाय भिजवायचे, मऊ पडलेला घट्टा वज्रीने घासायचा आणि पाय ओला असतानाच खोबरेल चोळायचं, म्हणजे ओल आत टिकते.

ड्रेसिंग करणारे काका इथलेच जुने रुग्ण. उजव्या हाताची बोटं वाकलेली, तरी चिमटा त्यांत बरोबर बसतो. समोरच्या आजींच्या तळव्याला रुपयाएवढा व्रण. कडेचं मेलेलं कातडं काका कापत जातात आणि आजी शेजारणीशी कांद्याच्या भावावर बोलत राहतात. मला बघवत नाही, त्यांना जाणवतही नाही. दुखलं असतं तर त्या लंगडल्या असत्या, पायाला विसावा मिळाला असता, व्रण इतका खोल गेला नसता.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी नेमकं हेच ओळखलं. बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना नसल्याने होणाऱ्या इजांनी झिजतात. काहींची बोटं झोपेत उंदरांनी कुरतडलेली निघाली, तेव्हा घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजरं दिली जाऊ लागली. कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले हे सर्जन वेदनेला देवाची देणगी म्हणत. दुसरीकडे कुठे ऐकलं असतं तर मला ते निर्दय वाटलं असतं.

कामाआधी उपासना होते. त्या दिवशी पाठ होता पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला: संकटात देव आपलं सांत्वन करतो, ते आपण दुसऱ्याचं करू शकावं म्हणून. काकांना विचारलं, तुमचं कुणी केलं?

“घरचे उंबऱ्यातून ताट सरकवायचे. इथं आलो तर सिस्टरनं पाय उचलून सरळ मांडीवर घेतला. तेव्हा प्रार्थनाबिर्थना काही ठाऊक नव्हती हो. ती मागून आली.”

रोग आपल्यालाच का झाला, याचं उत्तर इथं कुणी देत नाही. मला ते बरं वाटलं. ख्रिस्ती समाजानेही फार मिरवू नये. औषधांनी हा रोग पूर्ण बरा होऊ लागला १९८०च्या दशकात. तरी ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९पर्यंत होतं. हिंदू विवाह कायद्यातही तेच.

पट्टी झाली. काकांनी आजींची एमसीआरची, म्हणजे सूक्ष्मछिद्री मऊ रबराची, चप्पल उलटी करून झटकली, तळाला खिळा रुतलाय का पाहिलं.

“घालण्याआधी बघत जा, आजी.”

“चाचपते की रोज.”

“हातानं काय कळणार तुम्हाला? डोळ्यांनी बघा.”