काचपेटींतील समुद्र आणि शेवाळाचा उपद्रव

घरांत गोड्या पाण्यांतील मासे पाळण्याची हौस आपल्याकडे नवीन नाहीं. परंतु खाऱ्या पाण्याच्या पेटींत जिवंत प्रवाळांचें उपवन फुलविणें ही विद्या निराळी. ती खर्चाची तर आहेच, पण त्याहून अधिक धीराची आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आज अमेरिकेंत व युरोपांत संसार थाटून आहेत, आणि तिकडे ही हौस चांगली रुजलेली आहे. अशी पेटी पहिले कांहीं महिने डोळ्यांचें पारणें फेडते. मग एके दिवशीं खडकांवर हिरवे केस उगवूं लागतात. ते हळूहळू प्रवाळांना झांकून टाकतात, प्रवाळ मिटतात, मरतात, आणि घरधनी कंटाळून पेटी मोडीत काढतो. या हौसेचा शेवट असाच व्हावा असें मुळींच नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतांत २००१ सालीं दगडी प्रवाळांचा समावेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत झाला. तेव्हां मालवणच्या अथवा लक्षद्वीपच्या समुद्रांतून प्रवाळ उचलून आणणें किंवा त्यांचा व्यापार करणें हा येथें गुन्हा आहे. परदेशांतहि समुद्रांतून तोडून आणलेल्या प्रवाळांपेक्षां पेटींतच कलमें करून वाढविलेले प्रवाळ घ्यावे, हेंच सुज्ञपणाचें.

ही विद्या दिसते तितकी अर्वाचीन नाहीं. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणून काचेच्या भांड्यांत ठेवले. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. पुढें बाईंनीं भांड्यांत समुद्रांतील शेवाळाच्या जातीच्या वनस्पति ठेवल्या आणि प्राणवायु पुरविण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविलें. म्हणजे ज्याला आपण आज शत्रु म्हणतों, तेंच शेवाळ या विद्येच्या बाळपणीं तिची दाई होऊन आलें होतें. आजहि स्थिति फारशी वेगळी नाहीं. प्रवाळाच्या देहांत सूक्ष्म शेवाळपेशी नांदतात व प्रकाशाच्या बळावर अन्न तयार करून त्याला पोसतात. खडकांवर चढणारा गुलाबी-जांभळा चुन्यासारखा कठीण थर हाहि शेवाळाचाच एक प्रकार असून तो पेटीच्या आरोग्याचें लक्षण समजला जातो. तात्पर्य, भांडण शेवाळाशीं नाहीं; त्याच्या अतिरेकाशीं आहे.

हा अतिरेक होतो कशानें? माशांना घातलेल्या प्रत्येक घासांतील कांहीं भाग विष्ठा म्हणून, कांहीं उष्टें म्हणून पाण्यांत उरतो. त्यांतून अमोनिया निघतो. सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. अन्नांतील फॉस्फरसाचें फॉस्फेट होतें. शेतांत खत म्हणून आपण हेच पदार्थ घालतों. प्रवाळांच्या समुद्रांत हें खत अगदीं अल्प असतें. पेटींतून मात्र तें जाणार कोठें? तें सांचतें, आणि शेवाळ त्यावर माजतें. एकत्र कुटुंबांत तर हा धोका दुप्पट. सकाळीं आजोबा चिमूटभर दाणे टाकतात, शाळेंतून आलेला नातू दुपारीं टाकतो, रात्रीं काकांना वाटतें कीं मासे काचेशीं येऊन मागत आहेत. मासे नाहीं म्हणत नाहींत. प्रत्येकाचें प्रेम खरें असतें, आणि त्या प्रेमाचेंच शेवाळ होतें.

खाणारे आणि चरणारे यांचा तोल ढळला म्हणजे केवढा अनर्थ होतो, याचा दाखला कॅरिबियन समुद्रानें दिला आहे. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे कोळ्यांनीं आधींच उपसून नेले होते. चरण्याचें काम बहुतांशीं लांब कांट्यांचे काळे समुद्री साळू करीत असत. १९८० च्या ‘ॲलन’ वादळानें प्रवाळ मोडले, आणि १९८३ सालीं पसरलेल्या सांथींत शेंकडा ९० हून अधिक साळू मेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील खडकांचा सुमारें निम्मा भाग जिवंत प्रवाळांनीं व्यापलेला होता. १९९० च्या दशकाच्या आरंभीं तें प्रमाण शेंकडा ५ च्याहि खालीं आलें, आणि शेंकडा ४ असलेलें शेवाळ शेंकडा ९० च्या वर गेलें. जें अफाट समुद्रांत घडलें तें आपल्या हातभर पेटींत कां घडणार नाहीं?

उपायापूर्वीं निदान हवें. नव्या पेटींत वाळूवर तपकिरी पूड दिसते. ती पाण्यांतील सिलिकेवर वाढते व बहुधा आपोआप ओसरते. काचेवरचा हिरवा पापुद्रा केवळ पुसण्याचा. हिरवे केस व हिरवे मण्यांसारखे फुगे हे खरे उपद्रवी. तांबूस मखमलीसारखी चादर पसरली तर तें खरें शेवाळ नव्हे, ते एक प्रकारचे जंतु होत. आणि बुडबुड्यांसह लोंबणारे तपकिरी शेंबडासारखे धागे दिसले तर विशेष सावध व्हावें. हा जीव पुष्कळदां पाण्यांतील खत शून्यावर आणलें असतां माजतो. म्हणून पाणी अगदीं निःसत्त्व करण्याच्या नादीं लागूं नये. दर लिटरास नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असा मध्यम मार्ग अनुभवी लोक राखतात. केस दाट असतांना परीक्षेंत शून्य आलें तरी हुरळून जाऊं नये. तें खत शेवाळानेंच पोटांत घातलेलें असतें.

आतां उपाय क्रमानें सांगतों. पहिला उपाय, दाणा एकाच माणसानें घालावा, आणि दोन-तीन मिनिटांत संपेल इतकाच. गोठविलेलें अन्न वितळल्यावर त्याचें पाणी गाळून टाकावें. दुसरा, पाणी. नळाच्या पाण्यांत फॉस्फेट व सिलिका असूं शकते. म्हणून तें गाळणयंत्रांतून व पुढें रेझिनमधून काढून, क्षारांचा आंकडा शून्य आल्यावरच वापरावें. वाफ होऊन गेलेल्या पाण्याची भर अशा गोड्या पाण्यानेंच घालावी, कारण मीठ मागेंच राहतें. आठ-पंधरा दिवसांनीं दहावा हिस्सा पाणी बदलावें. तिसरा, हात. खडक बाहेर काढून केस उपटावे. उपटलेली प्रत्येक मूठ म्हणजे पेटीबाहेर गेलेलें खतच होय. चौथा, फेसयंत्र. गुऱ्हाळांत काहिलीवर आलेली मळी जशी वरच्या वर काढतात, तसें हें यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर घाण कुजण्यापूर्वींच बाहेर टाकतें.

पांचवा उपाय चरणाऱ्यांचा. शंखवर्गीय गोगलगाई केस कुरतडतात, हिरवा पाचू-खेंकडा फुगे खातो, पिवळा टँग मासा दिवसभर चरतो. मात्र त्याला मोठी पेटी लागते. शेवाळ संपल्यावर या मजुरांना उपाशी मारूं नये. सहावा उपाय आम्हांस सर्वांत सुंदर वाटतो. मुख्य पेटीला जोडलेल्या लहान टाकींत सुतासारखें ‘कीटोमॉर्फा’ शेवाळ मुद्दाम वाढवावें, त्यावर रात्रीं दिवा ठेवावा, आणि वाढेल तसें कापून टाकावें. शेवाळाला जागा दिली म्हणजे तें नको तेथें घुसत नाहीं.

चुन्याच्या निवळीचाहि येथें उपयोग आहे. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची निवळी रात्रीं थेंबाथेंबानें सोडली असतां प्रवाळांना चुना मिळतो व थोडें फॉस्फेटहि खालीं बसतें. पानाला लावावयाचा चुना मात्र कदापि वापरूं नये. औषधें अगदीं शेवटीं. कारण एकदम मेलेलें शेवाळ कुजून पाण्यांतील प्राणवायु ओढतें आणि आपलें सगळें खत पुन्हां पाण्यांतच सोडतें.

कापलेलें शेवाळ कचऱ्यांतच टाकावें. नाल्यांत किंवा समुद्रांत नव्हे. ‘कॉलर्पा’ जातीचें शोभेचें शेवाळ १९८४ सालीं मोनॅकोच्या सागरसंग्रहालयासमोर समुद्रांत आढळलें आणि पुढें भूमध्य समुद्रांत फार दूरवर पसरलें. तेंच २००० सालीं कॅलिफोर्नियांत सांपडलें. तेथून त्याचा पुरता नायनाट झाल्याचें जाहीर होण्यास २००६ साल उजाडलें.

हे सर्व उपाय सावकाश फळ देतात. खडकांत मुरलेलें फॉस्फेट आठवड्यामागून आठवडे झिरपत राहतें; तेव्हां दोन-तीन महिने तरी धीर धरावा. पेटीजवळ एक वही टांगावी. दाणा कोणीं घातला, किती घातला आणि पाणी कधीं बदललें हें तींत लिहावें, व ती वही घरांतील सर्वांनीं पाहावी. आमचा अनुभव असा कीं, ज्या घरांत ही वही नेमानें भरली जाते तेथें औषधाच्या बाटलीची गरज क्वचितच पडते.